देखभाल-दुरुस्तीच्या सदराखाली

आमच्या ऑफिसात चपला बाहेर काढून आत जायचं अशा जागा दोनच होत्या. एक जिन्याखालचा गणपती आणि दुसरी कॉम्प्युटरची खोली. गणपतीला एखादा साहेब बुटासकट नमस्कार ठोकून पुढे जायचा, पण कॉम्प्युटरच्या खोलीत बूट घालून यायची कुणाची टाप नव्हती, कारण दाराशी मी बसलेली असायचे. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. नगरपालिकेने दोन कॉम्प्युटर आणि एक भलामोठा प्रिंटर घेतला होता आणि त्या तिघांसाठी एसी लावला होता. माणसांना पंखे.

मीरा रोड आणि भाईंदर तेव्हा डोळ्यांदेखत वाढत होतं. सिल्व्हर पार्ककडे एका विंगमध्ये माणसं राहायला येईपर्यंत शेजारच्या विंगचं प्लास्टर सुरू झालेलं असायचं. परळ-दादरकडची मराठी माणसं खोल्या विकून इकडे येत होती. आम्हीही तसेच आलेले, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये. एवढ्या घरांची घरपट्टीची बिलं हाताने लिहून उरकेनात म्हणून कॉम्प्युटर आला, आणि तो चालवणारं कुणी नाही म्हणून मी आले. मी बी.कॉम. झाले होते आणि स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीवरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकले होते. तिथल्या कीबोर्डवर रोज सकाळी पिठाचा थर असायचा, तो फुंकर मारून उडवायचा, मगच श्रीगणेशा. त्यामुळे यंत्राला धूळ चालत नाही हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मला चिकटवलं काकांनी. काका म्हणजे आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे, नगरपालिकेत लेखापाल. परळच्या चाळीत ते आणि माझे बाबा शेजारी होते. भाईंदरला फ्लॅट घ्या हे त्यांनीच बाबांना सांगितलं, कुठल्या बिल्डरचा घ्या तेही त्यांनीच. बाबा चष्म्याची फ्रेमसुद्धा त्यांना विचारून बदलायचे. मला ते 'पोरी' म्हणायचे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की ऑफिसात काका म्हणायचं नाही, साहेब म्हणायचं. लोक काय म्हणतील, ओळखीची पोरगी घुसवली. मला ते पटलं. माणूस सरळ आहे असं वाटून उलट अभिमानच वाटला.

मी रोजंदारीवर होते. महिना पुरा भरायच्या आत ऑर्डर संपायची, मग एक दिवस ब्रेक, मग नवी ऑर्डर. सलग नोकरी झाली की माणूस कायम करा म्हणून हक्क सांगू शकतो, तो सांगू नये यासाठी ही सोय. ब्रेकच्या दिवशी मी घरी बसायला हवं होतं. पण बिलं अडलेली असायची, प्रिंटरने कागद खाल्लेला असायचा, आणि आदल्या संध्याकाळी काका जिन्यात भेटून हळूच सांगायचे, उद्या मस्टरला सही करू नकोस, पण येऊन जा. मी जायचे. सही न करता, पैसे न घेता, दिवसभर. बिलावर दुरुस्ती मागायला आलेल्या माणसाला मी ब्रेकवर आहे हे कसं कळणार? त्याच्याशीही हिंदी-मराठीत हुज्जत घालायचे. आपल्या घरचा माणूस सांगतोय तर नियम कशाला दाखवायचे, असं मला खरोखर वाटायचं. आज त्या मुलीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

समुद्राकडच्या चौक गावाहून बसने येणारी एक शिपाईबाई होती. तिला माझी ही समाजसेवा बघवायची नाही. एकदा ब्रेकच्या दिवशी चहा पुढ्यात ठेवत तिने विचारलं, "आज ऑर्डर हाय काय तुजी?" मी नाही म्हटलं. "मंग कोणाची धुनी धूतंस?" एवढं बोलून ती गेली. मी हसले होते.

कायम होणं ही काय चीज होती ते आज सांगून पटायचं नाही. बाबांची कंपनी बंद पडली होती. ते एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहायला जायचे, अर्धा दिवस. फ्लॅटचे हप्ते चालू होते. मी कायम झाले तर पगार ठरलेला, रजा, फंड, आजारपणाची सोय. पण खरं सांगायचं तर मला ते हप्त्यांपेक्षा माझ्यासाठी हवं होतं. ती खोली माझी होती. प्रिंटरचा आवाज जरा बदलला की रिबन संपत आली हे मला पाठीमागून कळायचं. त्या खोलीच्या दारावर पदाची पाटी असावी आणि त्या पदावर मी असावं, एवढी साधी हाव होती. काका दर वर्षी म्हणायचे, पुढच्या बजेटला तुझी पोस्ट टाकतो. दोन बजेटं अशी गेली. मला घाई नव्हती. काकांनी शब्द दिलाय म्हटल्यावर तो ऑर्डरपेक्षा पक्का, अशी आमच्या घरची समजूत.

मग तो दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पाणीखात्याचे पाने, बागेतल्या कात्र्या, कचऱ्याच्या गाड्या, जीप. त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या मनात आलं की कॉम्प्युटरचीही करू. चपला काढून सगळे आत शिरले. झेंडूचा हार मॉनिटरला घातला, उदबत्ती कीबोर्डजवळ खोचली, आणि मोठ्या साहेबांनी मनापासून हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. मी 'साहेब, जरा बाजूला' म्हणेपर्यंत अक्षता फ्लॉपीच्या फटीत गेल्या होत्या. हसावं की रडावं कळेना. सुट्टी संपून आलो तर मशीन फ्लॉपी वाचेना, आणि बिलांचा सगळा साठा फ्लॉपीत. बोरिवलीच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला चार दिवसांनी बघू. मी खोलीचं दार लावलं, कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि घरून आणलेला आईच्या शिवणाच्या पेटीतला चिमटा, कापूस, स्पिरिट घेऊन बसले. ओल्या कुंकवात चिकटलेले तांदूळ एकेक करून काढले. दुपारी मशीन सुरू झालं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली आणि काकांकडे बघून म्हणाले, हिचं काहीतरी करा.

काकांनी मनावर घेतलं. दिवाळीच्या आसपास ते रोज संध्याकाळी खाली आमच्याकडे यायला लागले. आई चहा टाकायची, बाबा टीव्हीचा आवाज कमी करायचे. काका कागद-पेन घेऊन बसायचे आणि मला विचारायचे, वर्षभरात या यंत्राला काय काय लागतं ते सांग. सभेपुढे मुद्दे लागतात, नुसती पोस्ट मागून चालत नाही. मी सांगत सुटायचे. रिबन किती दिवसांनी, हेड कधी साफ करायचं, बिलांच्या मोसमात किती वाजेपर्यंत बसावं लागतं, मेकॅनिक किती वेळ लावतो, काय काय माझं मीच करते, पावसाळ्यात दमट हवेने काय होतं. कुणीतरी आपल्या कामाबद्दल एवढं बारकाईने विचारतंय याचंच अप्रूप. बाबाही ऐकत असायचे. मी बोलताना ते कधीकधी काकांकडे बघायचे आणि काका मान हलवायचे. लेकीचं कौतुक चाललंय असं मला वाटलं.

बजेट तोपर्यंत स्टेन्सिलवर टाईप होऊन सायक्लोस्टाईल व्हायचं. त्या वर्षी मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर आलं होतं, म्हणून सबंध अंदाजपत्रक कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. म्हणजे मी करायचं. काका पानं तुकड्यातुकड्याने आत पाठवायचे. आस्थापनेचं पान, म्हणजे नोकरांच्या पगाराचं, हातात आलं तेव्हा मी बाकीचं काम बाजूला ठेवलं. सगळी पदं टाईप केली. सफाई कामगार, मुकादम, लिपिक, शिपाई. संगणकाचं पद नव्हतं. मला वाटलं, नवीन पदांचं वेगळं पान असेल, नंतर येईल.

दोन दिवसांनी देखभाल-दुरुस्तीचं पान आलं. जीप. कचऱ्याच्या गाड्या. पाण्याचे पंप. पंखे. टाइपरायटर. आणि त्यांच्याखाली काकांच्या सुबक अक्षरात नवीन ओळ: संगणक, बाह्य संस्थेमार्फत, चालकासह. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात रिबन, हेड, दमट हवा, बिलांचा मोसम, सगळं आलं होतं. आमच्या हॉलमध्ये आईचा चहा पीत लिहून घेतलेलं सगळं. कंत्राटदाराने काय काय करायचं त्याचा तो तपशील होता.

मी 'चालकासह' हा शब्द बराच वेळ बघत बसले. चालक म्हणजे मी. मला पंखे आणि टाइपरायटरच्या ओळीत बसवलं होतं, आणि टाईप करायला माझ्याकडेच पाठवलं होतं. रडू नाही आलं. राग आला, आणि राग येऊनही मी ती ओळ टाईप केली, तपासली, आणि पान प्रिंटला लावलं. मग उठून काकांच्या केबिनमध्ये गेले.

"काका, माझी पोस्ट कुठाय?" मी विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग बस म्हणाले. मी उभीच राहिले.

त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. आस्थापनेवरचा खर्च वाढवायला वरून बंदी. नवं पद म्हणजे मंत्रालयात फाईल, तिच्या मागे वर्ष-दोन वर्षं हेलपाटे. कंत्राट मात्र आपल्या सभेतच मंजूर होतं, कुणाला विचारायला नको. हल्ली सगळीकडे असंच चाललंय, आणि तुला काढतंय कोण, कंत्राटदाराला सांगून ठेवलंय की मुलगी आमचीच ठेवायची. खुर्ची तीच, काम तेच. मला तर उलट त्यांचे आभार मानायला हवेत असा एकूण सूर होता.

मी म्हटलं, एवढी वर्षं मी सलग काम केलंय, ब्रेकच्या दिवशीसुद्धा आलेय.

"मस्टरवर कुठाय ते?" काकांनी विचारलं.

ते हे खवचटपणे म्हणाले असते तर मी तिथेच काहीतरी फेकून मारलं असतं. पण ते खरंच विचारत होते, हिशेब बघणारा माणूस विचारतो तसं. त्यांनीच मला सही करू नकोस म्हणून सांगितलं होतं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांनी कंत्राटदाराचे पैसे खाल्ले असं मी आजही म्हणत नाही. खाल्ले असते तर बरं झालं असतं, तोंडभर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी फक्त स्वतःचे हेलपाटे वाचवले. रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती आणि मंत्रालयाचे जिने चढायचा त्यांना कंटाळा होता. त्या कंटाळ्यापायी माझी जागा गेली.

मी जायला वळले तेव्हा ते म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांना विचारूनच केलंय. ते म्हणाले, हरकत नाही."

भाईंदर स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला घरी कशी आले ते आठवत नाही. रिक्षावाला 'मॅडम, किधर जाना है' असं दोनदा विचारत होता एवढं आठवतं. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी चपलासुद्धा न काढता विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी पेपराची घडी घातली. दिवाळीपासून माहीत होतं, म्हणाले. काका संध्याकाळी येऊन बसायचे तेव्हाही माहीत होतं. मी रिबन आणि दमट हवा सांगत होते आणि समोर बसलेल्या दोघांनाही ते कुणासाठी चाललंय हे ठाऊक होतं.

त्यांचं म्हणणं असं होतं. तुझं लग्न आज ना उद्या होणार. सासर डोंबिवलीला, पुण्याला, कुठेही असेल. त्या लोकांनी नोकरी करू दिली नाही तर? तुझ्या दोन वर्षांच्या नोकरीसाठी त्या माणसाने आपल्यापायी मंत्रालयात का धावायचं? त्यांचे आपल्यावर आधीच किती उपकार. "मला संकोच वाटला गं," बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती बाबांना म्हणाली, "तिला तरी विचारायचं." बाबांनी पेपर पुन्हा उघडला.

काकांवरचा माझा राग मला समजत होता. तो परका माणूस निघाला, संपलं. बाबांचं काय करायचं ते मला कळेना. त्यांनी फायदा बघितला नव्हता, कुणाला दुखवायला नको म्हणून माझी जागा सोडून दिली होती. आणि कुणाला म्हणजे काकांना. मी दुखावले तर चालणार होतं, कारण मी घरचीच.

सभेत ती तरतूद चर्चेशिवाय मंजूर झाली. एप्रिलपासून कंत्राटदार आला, भला माणूस होता बिचारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, टेंडर में जो लिखा है वो हमको तो कुछ मालूम नहीं, आप ही सिखा दो." मी शिकवलं. पगार आधीपेक्षा कमी आणि उशिरा. खुर्ची तीच होती, पण आता मी स्टाफ नव्हते. स्टाफच्या चहात माझा कप धरायचा नाही असं कुणीतरी ठरवलं. चौकवाली शिपाईबाई तरी आणून द्यायची आणि कुणी हटकलं तर उलट त्यालाच झापायची. दसऱ्याला मिठाईचे पुडे वाटले, मला नाही. त्या वर्षी कॉम्प्युटरला लांबूनच हार घातला गेला, कारण कंत्राटात तशी अट होती. अट मीच सुचवलेली.

सोडून का नाही गेले असं पुढे माझ्या मुलीने विचारलं. हप्ते होते, म्हणून. दर वर्षी बजेट मीच टाईप करायचे. ती ओळ दर वर्षी जराशी वाढायची, आणि त्यातलं माझ्यापर्यंत काही यायचं नाही. आस्थापनेचं पान आलं की मी मान वर न करता टाईप करायचे. काका रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही. कंत्राटाची माणसं बोलावलेली नव्हती, त्यामुळे कारणही सांगावं लागलं नाही.

बाबांशी मी बोलत होते. डबा, लाईटबिल, डॉक्टर, एवढ्यापुरतं. ते त्यालाच बोलणं समजत असावेत.

मग एका रविवारी डोंबिवलीचं एक स्थळ बघायला आलं. मुलगा बँकेत, सोबत आई-वडील. बोलणी करायला जाणतं माणूस हवं म्हणून बाबांनी काकांनाही वरून बोलावलं होतं. मी सरबताचे पेले ठेवत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी नोकरी कुठे करते.

"नगरपालिकेत आहे," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरचं सगळं हीच बघते." त्यांचा चेहरा फुलला होता. काका म्हणाले, मीच लावली.

मी ट्रे टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"नगरपालिकेत नाही, मी कंत्राटदाराकडे आहे," मी म्हटलं. "नगरपालिकेत माझी जागा होणार होती. पण माझं लग्न होणार म्हणून बाबांनी नको सांगितलं. लग्न तेव्हा ठरलेलं नव्हतं. अजूनही नाही."

मुलाच्या आईने माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. काका रुमालाने कपाळ पुसायला लागले. पाहुण्यांनी सरबत संपवलं, कळवतो म्हणाले आणि गेले. काकाही त्यांच्यामागोमाग निघाले, वर न जाता खाली उतरले. बाबा दार लावून तिथेच उभे राहिले. ते ओरडतील या तयारीने मी पेले उचलत होते. ते ओरडले नाहीत.

"एवढं लागलं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, एका ताटलीतल्या पोळ्या वाढून घेत होतो. आणि त्यांना हे विचारावं लागलं.